अकरा जणांचा एक प्रेक्षक

रविवारी सकाळी दहा वाजता बशीरचाचा सतारमेकरांच्या कारखान्यात चहा गाळला जाई, आणि पहिला घोट घेण्याआधी प्रत्येकाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे. छताला वाळत टांगलेले भोपळे, पायांखाली लाकडाचा भुसा, भिंतीला टेकवलेले, अजून तारा न चढलेले तंबोरे. आणि या साऱ्याच्या मधोमध पाटांवर, स्टुलांवर बसलेले मिरज चित्रास्वाद मंडळाचे दहा सभासद. एक जुनी आरामखुर्ची तेवढी रिकामी ठेवलेली असे.

"शेवटी दार कुठल्या बाजूला उघडलं?" बशीरचाचांनी विचारले.

"डावीकडे," डॉक्टर शैलजा कोरे म्हणाल्या. त्या निवृत्त भूलतज्ज्ञ होत्या आणि मोजकेच बोलत.

"डावीकडं. बिजागरी पण कुरकुरली," चाचांनी स्वतःचे उत्तर देऊन टाकले.

"डावीकडे," आरामखुर्चीशेजारच्या स्टुलावरून वसुधाकाकू आवटी म्हणाल्या.

प्रश्न फिरत फिरत कोपऱ्यातल्या सन्मती मगदूमपर्यंत आला. तो मंडळातला सर्वांत लहान, एकोणतीस वर्षांचा. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याची नजर आपोआप कपातल्या चहावर जाऊन बसे. "डावीकडे," तो चहाला म्हणाला.

"जुळलं," चाचांनी मांडीवर थाप मारली. "आता भांडा."

"तो धाकटा भाऊ भेकड आहे," डॉक्टरांनी लगेच सुरुवात केली. "दीपगृह सोडून पळाला."

"पळाला? आन् दिवा कुणी लावला मग? तुम्ही गेला होता काय काडी घेऊन?" चाचा उसळले.

मग तासभर कोणी कोणाचे ऐकले नाही. बाहेर रस्त्यावरून जाणारा एखादा माणूस थबकून पाही, की एवढा वाद कशाचा? पण हा वाद होऊ शकत होता, हेच त्या काळातले नवल होते. दोन माणसांनी एकच सिनेमा पाहिला आहे, असे आता कुठे घडत नसे.

वळणपट येऊन पाच वर्षे झाली होती. प्रत्येक घरात पडद्याखाली जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी असे. पेटीला बारीक डोळा होता. समोर बसलेल्याची बाहुली कधी विस्तारते, श्वास कुठे अडखळतो, नजर कोणत्या चेहऱ्यावर रेंगाळते हे ती टिपून घेई आणि त्याबरहुकूम पडद्यावरचा सिनेमा चालता चालताच वळवत नेई. कंटाळलात की प्रसंग आखूड होई. आईचा चेहरा पाहून तुमचा गळा दाटला, तर आईला आणखी एक प्रसंग मिळे. या टिपणांतून साठत गेलेल्या नोंदीला 'रुचिलेख' म्हणत. कथा तीच, नट तेच. पण एकाच्या सिनेमात दार डावीकडे उघडे, दुसऱ्याच्या उजवीकडे, तिसऱ्याच्या सिनेमात दार नसेच. सगळे तृप्त होते. तृप्त माणसांना एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरत नाही, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

"पेटी म्हणजे वाजवायची वस्तू," चाचा म्हणत. "ही आपल्यालाच वाजवते."

सन्मतीच्या लक्षात मात्र आले होते, कारण त्याचे लिहिणे त्यातच बुडाले. पूर्वी तो एका साप्ताहिकात चित्रपटांवर लिहीत असे. प्रत्यक्षात कोणाशी जे बोलणे जमत नसे, ते तो त्या दीड स्तंभात बोलून घेई. पण जो सिनेमा वाचकाने पाहिलेलाच नाही आणि पाहणारही नाही, त्याचे परीक्षण कोण वाचणार? संपादकांनी तो स्तंभ बंद केला आणि त्याच जागी 'कुलूपकिल्ली' नावाचा दुसरा दिला: कोणता फोन घ्यावा, कोणती पेटी टाळावी, परवलीचा शब्द कसा असावा, चोर कुठून शिरतात. तो नेकीने लिहीत राहिला. लोकांना त्याच्या सल्ल्याचा उपयोग होई. त्याच्याशी वाद घालायला मात्र कोणी येत नसे.

म्हणून तो रविवारी इथे येई.

मंडळाची युक्ती गजाननराव आवटींची, म्हणजे वसुधाकाकूंच्या यजमानांची होती. चौतीस वर्षे त्यांनी मिरजेतल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून रिळे फिरवली होती. वळणपट आले आणि मंडळाच्या चर्चा बेसूर होऊ लागल्या, तेव्हा त्यांनी अकराही सभासदांच्या घरच्या पेट्या एकाच नावाने उघडल्या: स्वतःच्या. एक नाव, एक परवलीचा शब्द. शनिवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दहाही घरांत कळ दाबायची. कंपनीच्या यंत्राला वाटे की गजानन आवटी नावाचा हा एकच प्रेक्षक आहे, त्याला बाविसेक डोळे आहेत आणि तो फारच चंचल आहे. ते अकरा जणांची टिपणे एकत्र कालवी, त्यांचा मध्य काढी, आणि साऱ्यांना मिळून एकच सिनेमा दाखवी.

"सगळ्यांना एकच सिनेमा पाहायचा, तर सगळ्यांना मिळून एकच माणूस व्हावं लागेल," गजाननराव म्हणाले होते. "त्यात अवघड काय आहे? टॉकीजमध्ये नऊशे लोक व्हायचे की."

परवलीचा शब्द होता बंद पडलेल्या टॉकीजचे नाव आणि पुढे बाल्कनीतल्या खुर्च्यांचा आकडा. तो मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहिलेला होता. डॉक्टरांनी तो फ्रिजवर लावला होता. चाचांनी तर एका अर्धवट तंबोऱ्याच्या पोटात पेन्सिलीने खरडून ठेवला होता. 'कुलूपकिल्ली'च्या लेखकाला दर रविवारी ती तांबडी शाई खुपे.

गजाननराव मागच्या चैत्रात गेले. रुचिलेख गेला नाही. अकरा जणांत सर्वांत जास्त पाहणारे तेच होते, दिवसदिवस त्यांची पेटी चालू असे, त्यामुळे त्या मिश्रणात त्यांचेच पारडे जड होते. आणि त्यांची एक आवड मोठी विचित्र होती. प्रसंग संपून पात्रे निघून गेली तरी त्यांची नजर पडद्यावरून हलत नसे. रीळ बदलण्याची खूण चुकू नये म्हणून चौतीस वर्षे शेवटच्या क्षणापर्यंत पाहत राहिलेला तो माणूस. रिकामी ओसरी, रिकामी खुर्ची, नुकते बंद झालेले दार यांवर त्यांचा जीव होता. ते गेल्यावरही मंडळाच्या सिनेमांत कुठे तरी, एकदा तरी, माणसे निघून गेल्यावर चौकट तशीच थांबून राही. पाच सेकंद, कधी आठ. मंडळात त्याला 'गजाननरावांचा मुक्काम' म्हणत.

वसुधाकाकू चर्चेत फारशा बोलत नसत. भांडण निवले की पदर सावरत तेवढे विचारीत, "मुक्काम किती होता?"

"नऊ सेकंद, वहिनी," चाचा सांगत. ते मुद्दाम मोजून ठेवीत.

"नऊ," काकू म्हणत, आणि रिकाम्या आरामखुर्चीच्या हातावर दोन बोटे ठेवून घरी जायला उठत.

श्रावणात बातमी आली. कंपनीच्या कोठारातून लाखो रुचिलेख चोरीला गेले होते. सन्मतीने ती बातमी तीनदा वाचली. परवलीचे शब्द चोरीला जाणे निराळे; शब्द बदलता येतो. इथे चोरांच्या हाती लागले होते, की कोणता माणूस नेमका कुठे मऊ होतो. कोणत्या आवाजाला, कोणत्या आठवणीला, किती क्षण गप्प राहिल्यावर. तो नकाशा हातात घेऊन भामटे माणसांना फोन करू लागले होते, आणि शहाणीसुरती माणसे रडत रडत त्यांना हवे ते देऊन टाकीत होती. सन्मतीने लागोपाठ तीन लेख लिहिले. तिसऱ्याच्या शेवटी त्याने ठसठशीत लिहिले: 'आपले नाव, आपली किल्ली, आपला डोळा कोणाशीही वाटून घेऊ नका.' लिहिताना त्याला तांबडी शाई दिसत होती.

त्या रविवारी कारखान्यात मात्र हास्याचा पूर आला होता.

"अरे, मला काल फोन आला," डॉक्टर कोरे डोळे पुसत सांगत होत्या. "बाई हुंदके देत होती. म्हणते, तुमची बकरी सापडली हो, पायाला लागलंय, तुमच्या नावानं ओरडतेय. मी म्हटलं, बाई, मी जन्मात बकरी पाळलेली नाही. तुम्ही जरा पाणी प्या."

"बकरी माझी," चाचा ओशाळून म्हणाले. "पडद्यावर बकरी आली की आपलं काही खरं नसतंय. लहानपणी होती एक. आन् मला काय आलं म्हायत्ये? बाप्या म्हणतो, मॅडम, तुमचा पेशंट शुद्धीवर येईना. मी म्हटलं, येईना तर राहू दे की, तुला काय घाई?"

डॉक्टरांचे हसू क्षणभर थांबले. तो पेशंट त्यांचा होता, तीस वर्षांपूर्वीचा. मग त्याही हसल्या. "चुकीच्या पत्त्यावर गेला बिचारा."

"मला तर म्हणाला, तुम्ही नापास झालात," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, बरं."

भोपळे हलतील इतके सगळे हसले. सन्मती हसला नाही. तो उठून उभा राहिला. गेल्या चार वर्षांत तो मंडळात उभा राहून बोलला नव्हता, त्यामुळे आपोआप शांतता झाली.

"हे थांबवायला हवं," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "आज हसतोय आपण. पण एका किल्लीवर दहा घरं आहेत. एक दार फुटलं की सगळी फुटली. प्रत्येकाचं नाव वेगळं हवं, प्रत्येकाची नेत्रमुद्रा वेगळी, आणि जुना रुचिलेख पुसून टाकायला हवा. मुळापासून."

"अरे पण सन्मती," चाचा डोके खाजवत म्हणाले, "चोराला आपण सापडलोच न्हाई की. बकरी डॉक्टरांकडं, पेशंट माझ्याकडं. त्याच्या हाताला लागलं काय?"

"आज नाही लागलं, चाचा. उद्या लागेल. सगळ्या जगात हाच नियम आहे."

"आणि सिनेमा?" डॉक्टरांनी विचारले. "एकच राहील?"

"त्याचं बघू काहीतरी," तो म्हणाला. खरे तर त्याने त्याचे काही पाहिले नव्हते. भीतीने त्याच्या मनात तेवढी जागाच ठेवली नव्हती.

ते नाही म्हणू शकले असते. पण हा मुलगा, जो कधी मान वर करून बोलत नाही, तो आपल्या काळजीने उठून उभा आहे हे त्यांना दिसत होते, आणि त्याला नाही म्हणणे त्यांच्यातल्या कोणालाच जमले नाही. "तू शिकलेला आहेस बाबा," चाचा म्हणाले. "कर तुला पटतंय तसं."

पुढच्या तीन दिवसांत तो घरोघर गेला. प्रत्येकाला पेटीसमोर बसवले, डोळा उघडा ठेवायला सांगितले आणि नेत्रमुद्रा घेतली: बुबुळाच्या रेषांचे असे कुलूप, जे एका वेळी एकाच जागी, एकाच माणसासाठी उघडते. कामाच्या घाईत त्याने स्वतःच्या पेटीची संमतिपत्रे वाचलीच नाहीत. होय, होय, होय म्हणत पुढे गेला. इतरांना दर आठवड्याला 'वाचल्याशिवाय होय म्हणू नका' असे बजावणारा तो.

वसुधाकाकूंचे घर त्याने शेवटी ठेवले होते. जुनी नोंद तिथूनच पुसायची होती. दिवाणखान्यात दुपारचे ऊन पडले होते. पेटीवर क्रोशाचा रुमाल होता आणि त्या रुमालाला पेटीच्या डोळ्यापुरते भोक ठेवलेले होते.

"हा रुमाल त्यांनी सांगून करून घेतला माझ्याकडून," काकू म्हणाल्या. "म्हणाले, तिचा डोळा झाकू नकोस, तिला मी दिसायला हवा."

सन्मती मान खाली घालून पडद्यावरच्या पायऱ्या उतरत राहिला. पेटीने विचारले: रुचिलेख कायमचा पुसायचा आहे का? त्याने होय म्हटले. तिने पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा तिने तो प्रश्न मोठ्या अक्षरांत विचारला, तेव्हा त्याने काकूंकडे पाहिले.

"पुसलं की काय होतं रे?"

"काही नाही, काकू. धोका जातो."

त्या काही वेळ रुमालाच्या भोकाकडे पाहत राहिल्या. "मग पूस," त्या म्हणाल्या. "मी चहा टाकते."

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला, आणि इकडे त्याने बोट टेकवले.

पुढच्या रविवारी चाचांनी नेहमीसारखे विचारले, "होडी शेवटी कुठल्या काठाला लागली?"

"पलीकडच्या," डॉक्टर म्हणाल्या.

"लागलीच नाही. बुडाली की."

"होडी? माझ्यात तर बैलगाडी होती."

आधी सगळे हसले. मग प्रत्येकाने आपापला सिनेमा सांगितला. सगळ्यांचाच फार सुंदर होता. डॉक्टर कधी नव्हत्या इतक्या हळव्या होऊन बोलत होत्या. त्यांच्या सिनेमात शेवटी कोणीतरी शुद्धीवर आले होते. बाकीचे माना डोलावत होते. कोणी कोणाला भेकड म्हटले नाही, काडी घेऊन कोण गेले होते असे विचारले नाही. वीस मिनिटांत चर्चा संपली. सांगायला आलेली माणसे ऐकायला बसली होती, आणि ऐकण्यासारखे त्यांचे स्वतःचे घरीच होते.

"मुक्काम किती होता?" काकूंनी सवयीने विचारले.

चाचांनी भुशात पाहिले. "माझ्यात नव्हता, वहिनी."

काकूंनी एकेकाकडे पाहिले. सन्मतीकडे पाहिले नाही. त्या गोष्टीसाठी तो पुढे कित्येक दिवस त्यांचे मनात आभार मानत राहिला, आणि तेच त्याला सर्वांत जास्त सलत राहिले.

भाद्रपदात सहा जण आले, दसऱ्यानंतर चौघे. काकू दिवाळीआधीच यायच्या बंद झाल्या होत्या.

आणि मग त्यांना फोन आला. फोन करणाऱ्याने बकरीचे नाव काढले नाही. नापास झाल्याचे सांगितले नाही. कंपनीच्या कोठारावर पुन्हा डल्ला पडला होता, आणि तिथे आता वसुधा आवटी नावाचा एक स्वच्छ, नितळ, दुसऱ्या कोणाचीही भेसळ नसलेला रुचिलेख होता. पलीकडून आधी कोणी बोललेच नाही. दार लोटल्याचा आवाज आला, मग चपला काढल्याचा, आणि मग नऊ सेकंदांची शांतता. त्यानंतर एका वयस्क पुरुषाने खाकरून विचारले, "जेवलीस का?"

काकू त्याच्याशी चाळीस मिनिटे बोलल्या. त्याने जे मागितले ते त्यांनी दिले. किती गेले ते त्यांनी कोणालाच सांगितले नाही.

सन्मतीला हे डॉक्टरांकडून कळले. तो तसाच रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला, आणि चाचांचे वाक्य तेव्हा कुठे त्याला ऐकू आले. चोराला आपण सापडलोच नाही की. अकरा जणांचा मिळून जो एक माणूस होता, तो कुठल्याच घरात राहत नव्हता. त्याला फोन लावता येत नव्हता. त्याला बकरीही रडवी आणि शुद्धीवर न येणारा पेशंटही. त्याच्या मऊ जागा इतक्या जणांत पसरल्या होत्या की त्यांतली एकही कोणा एकाला लागत नव्हती. जगातल्या सर्वांत भोळ्या लोकांनी, फ्रिजवर लावलेल्या शब्दाने, जगातले सर्वांत भक्कम कुलूप तयार केले होते. आणि कुलपांवर लिहिणाऱ्या माणसाने येऊन ते नियमाप्रमाणे फोडले होते.

त्याने कंपनीला लिहिले. उत्तर लगेच आले, अतिशय नम्र. पुसलेला रुचिलेख परत आणता येत नाही. नेत्रमुद्रा एकदा घेतल्यावर नाव वाटून घेता येत नाही. आपल्या सुरक्षिततेबद्दलच्या जागरूकतेबद्दल आभार.

मग तो काकूंकडे गेला. दुपारची वेळ होती, पण पडदे ओढलेले होते. रुमाल तसाच होता, भोकासह. काकूंनी सिनेमा थांबवला. पडद्यावर कोणी पुरुष पाठमोरा, दारात उभा होता.

"काकू, माझं चुकलं," तो म्हणाला. वाटेत त्याने बरेच काही जुळवून ठेवले होते. एवढेच बाहेर पडले.

"बस."

"तुम्हाला कळलं नाही का, की तो आवाज..."

"कळत होतं रे." त्या शांतपणे म्हणाल्या. "पहिल्याच शब्दाला कळलं. ते मला कधी 'जेवलीस का' विचारत नसत, 'वाढ' म्हणत. पण वर्षभरात इतकं नीट कोणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, बोलू दे. थोडा वेळ."

"रविवारी या ना. चाचा अजून दहा वाजता कारखाना उघडतात. चहा ठेवतात."

"कोण कोण येतं?"

मागच्या तीन रविवारी तो स्वतःही गेला नव्हता. रिकाम्या स्टुलांना तोंड दाखवायचा धीर त्याला झाला नव्हता.

"इथं बरं आहे मला," काकू म्हणाल्या. "आता माझ्या सिनेमात ते रोज येतात. दारातून आत येतात, खाकरतात. आधी ते फक्त मागे राहून पाहायचे, माणसं गेल्यावर. त्यात मला ते खरे वाटायचे." त्यांनी पाठमोऱ्या माणसाकडे पाहिले. "आता समोर येतात, आणि मला हवं तसंच बोलतात. ते कधी मला हवं तसं बोलले नव्हते. पण येतात, ते आहेच."

त्यांनी कळ दाबली. पाठमोरा माणूस वळू लागला. सन्मतीला त्याचा चेहरा पाहायचा नव्हता. तो दार ओढून घेऊन निघाला, आणि जिन्यात उभा राहून त्याने नकळत सेकंद मोजले.

येणाऱ्या रविवारी जायचेच, असे त्याने ठरवले. सकाळी लवकर आंघोळ केली. सव्वानऊला तयार झाला. अजून वेळ होता, म्हणून पेटीसमोर बसला. दहा मिनिटे, फक्त दहा. गेले कित्येक आठवडे त्याने आपल्या नावाचा सिनेमा पाहिलाच नव्हता. जणू ती त्याने स्वतःला दिलेली शिक्षा होती.

पडदा उजळला. कथेला सुरुवात झाली ती कुठल्याशा गावात, कुठल्याशा रस्त्यावर. पेटीचा डोळा त्याच्या डोळ्यांत पाहत होता. रस्ता वळला, बोळ आला, बोळाच्या टोकाला एक उघडे दार. आत छताला भोपळे टांगलेले होते.

सन्मतीचा श्वास अडखळला, आणि त्यासरशी पडद्यावरचे चित्र अधिक स्पष्ट झाले. खाली भुसा. भिंतीला तंबोरे. त्याच्या फोनमधली चार वर्षांची छायाचित्रे पाहण्याची परवानगी त्यानेच दिली होती. न वाचता, होय, होय, होय म्हणत. माणसे हुबेहूब नव्हती. पण ठेंगणा, हसरा एक कारागीर होता. मोजके बोलणाऱ्या डॉक्टर होत्या. पदर सावरणारी बाई होती, आणि तिच्या शेजारी आरामखुर्ची रिकामी नव्हती. सगळे एकदम बोलत होते, एकमेकांना तोडत होते, मांड्यांवर थापा मारत होते. त्याने मोजले: दहा जण. कोपऱ्यातले अकरावे स्टूल रिकामे होते.

चाळीस वेळा रुचिलेखावर लिहिले होते त्याने. हे काय आहे, कसे चालते, कशाने बांधले जाते हे सारे त्याला ठाऊक होते. ठाऊक असण्याचा काहीच उपयोग होत नव्हता. त्याचे डोळे भरून आले. पेटीने तेही टिपले. आरामखुर्चीतल्या म्हाताऱ्याने वाद थांबवून सरळ त्याच्याकडे पाहिले.

"काय रे सन्मती," तो म्हणाला, "दार कुठल्या बाजूला उघडलं?"

दहाही जण त्याच्याकडे वळले. गप्प झाले. चौकट तशीच थांबली. पाच सेकंद. आठ. नऊ. हा मुक्काम त्याला कोणी दिला नव्हता; हा आता त्याच्याच डोळ्यांत होता, त्या दहा माणसांत बसून बसून आलेला, आणि पुसण्याच्या यादीत तो कधी नव्हताच. म्हणजे तो डॉक्टरांच्या डोळ्यांतही असेल. चाचांच्याही. पेटीत जे पुसले गेले ते माणसांत थोडे थोडे शिल्लक असेल, जर त्यांना पुन्हा एकत्र बसवले तर.

त्याने घड्याळाकडे पाहिले. दहाला पाच मिनिटे. सायकलने दहा मिनिटांचा रस्ता. तिकडे कारखान्यात बशीरचाचांनी आधण ठेवले असेल, किती कपांचे ठेवावे असा प्रश्न त्यांना आता पडत असेल.

त्याची नजर पडद्यावरून निसटून खोलीच्या दाराकडे जाऊ लागली. पेटीला ते तत्काळ कळले. पडद्यावरच्या कारागिराने ओट्यावरून अकरा कप उचलले.

"चाललास कुठं?" तो हसून म्हणाला. "बस की. चहा गाळतोय."

वाफ वर आली. आल्याचा वास तेवढा येत नव्हता. सन्मती अर्धवट उठलेल्या अवस्थेत, खुर्चीच्या हातांवर भार टाकून थांबला होता. दहा माणसे त्याच्या उत्तरासाठी कितीही वेळ थांबायला तयार होती. दहा मिनिटांच्या अंतरावर एक माणूस होता, आणि तो फार वेळ थांबणार नव्हता. पडद्यावरून डोळे न काढता त्याने मागे हात नेला आणि आठवून पाहू लागला: आपल्या या खोलीचे दार कुठल्या बाजूला उघडते?